मास्तर डॉ. कोटणीस

हल्ली इंग्रजी बोलणाऱ्या देशांतली बरीच तरुण मंडळी वर्षभरासाठी चीनला जातात आणि तिथल्या विद्यापीठांत इंग्रजी शिकवतात. वर्ष संपते, निरोपसमारंभ होतो, फोटो निघतात आणि मास्तर किंवा बाई घरी परततात. या सगळ्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. मास्तरांची भाषा विद्यार्थ्यांनी शिकायची! मास्तरांना विद्यार्थ्यांची भाषा आली तर उत्तम, नाही आली तरी बिघडत नाही.

वाचकहो, चीनमध्ये जाऊन नेमके याच्या उलट करणारा एक मास्तर आपल्या सोलापूरचा होता. त्याचे नाव आपण सगळे जाणतो, पण मास्तर म्हणून नव्हे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस म्हटले की आपल्याला आठवतो तो व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट, रणांगण, जखमी सैनिक आणि शस्त्रक्रिया. ते सारे खरेच आहे. पण या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षे शस्त्रक्रियांच्या जोडीने वर्गात घालवली, ही गोष्ट त्या गोंगाटात थोडी हरवली आहे.

आधी थोडा इतिहास. कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाच्या तयारीला लागले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर आणि औषधे पाठवण्याची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केले, बावीस हजार रुपयांचा निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि दोघे मराठी मुलखातले: नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली. त्या वेळी आपला देश स्वतःच पारतंत्र्यात होता, हे लक्षात ठेवायला हवे.

हाँगकाँग, कॅन्टन, हँकौ असा प्रवास करत पथक चुंगकिंगला पोचले. इथे पाचही जणांना चिनी नावे मिळाली. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान यांनी प्रत्येकाच्या नावाला 'हुआ' हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले 'के दिहुआ'. याच सुमारास सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. सहकाऱ्यांनी परत जाण्यास सुचवले, पण ते थांबले. १२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोचले.

पुढे १९४० मध्ये ते उत्तर चीनमधल्या, जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ भागात गेले. तिथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांनी काम केले होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून वारले आणि तिथल्या वैद्यकीय शाळेला त्यांचे नाव देण्यात आले. या शाळेत कोटणीस शस्त्रक्रिया शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकही झाले.

आता त्या वर्गाची कल्पना करा. समोर खेड्यापाड्यांतली तरुण मुले, अनेकांचे शालेय शिक्षणही जेमतेम. त्यांना इंग्रजी येण्याचा प्रश्नच नव्हता. मास्तरांचे सारे वैद्यकीय ज्ञान मात्र इंग्रजीतले! दुभाष्यामार्फत काम चालवणे शक्य होते. पण दुभाषा वाक्य पोचवतो, शंका पोचवतोच असे नाही. विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरचे 'नाही कळले' ओळखून त्याच क्षणी दुसऱ्या शब्दांत सांगणे दुभाष्यामार्फत जमत नाही. कोटणीसांनी चिनी शिकायला घेतली आणि ती इतकी आत्मसात केली की व्याख्याने चिनीतून देऊ लागले, चिनी अक्षरे वाचू-लिहू लागले.

हे किती अवघड आहे? चिनी भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. 'मा' हा एकच उच्चार चार सुरांत आई, ताग, घोडा आणि शिवी देणे असे चार अर्थ देतो. लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही, हजारो चिन्हे पाठ करावी लागतात. एक मात्र गंमत आहे. 'चमचा' मधला आपला च हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्याच्या जिभेला सहज वळत नाही, पण चिनीत त्याच्या अगदी जवळचा उच्चार आहे. माओ त्से-तुंग या नावातला 'त्स' हा तोच. म्हणजे सोलापूरच्या जिभेला तेवढी एक सवलत होती म्हणायची! बाकी सारे कष्टाचे.

शिवाय शांतपणे शिकवायला निवांत जागा नव्हती. जपानी फौजांच्या मोहिमा सुरू झाल्या की रुग्णालय आणि शाळा दोन्ही हलवावी लागत. अशा परिस्थितीत कोटणीसांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचे एक पाठ्यपुस्तक तयार केले आणि दुसरे लिहायला घेतले. याच शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा आग्रह झाला, पण त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे हपै प्रांतातल्या एका खेड्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. दुसरे पुस्तक अपुरेच राहिले. पथकातले बाकीचे चौघे वेगवेगळ्या वेळी भारतात परतले.

यानंतर इतिहासाने पुष्कळ वळणे घेतली. १९६२ चे युद्ध झाले, २०२० मध्ये गलवान झाले. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये गेला, कुओ चिंगलान २०१२ मध्ये गेल्या. सरकारांची मैत्री कधी फुलली, कधी आटली. ती डोंगरातली वैद्यकीय शाळा मात्र टिकली, वाढली, वैद्यकीय विद्यापीठ झाली आणि २००० मध्ये चीनच्या जीलिन विद्यापीठात विलीन झाली. शिच्याच्वाङ शहरात कोटणीसांच्या नावाची वैद्यकीय शाळा उभी राहिली. डॉक्टरने वाचवलेला रुग्ण एक आयुष्य जगतो. मास्तराने शिकवलेला डॉक्टर पुढच्या डॉक्टरला शिकवतो. कोटणीसांचा हिशेब या दुसऱ्या खात्यावर मांडला, तर तो अजून चालूच आहे.

रुवैसमध्ये बसून हे लिहिताना वेगळेच काही मनात येते. आपण सगळे इथे करारावर आलेलो. हे गाव अबुधाबीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर, १९८० च्या दशकात तेलशुद्धीकरणाभोवती वाढलेले. इथे कोणी पाच वर्षे राहतो, कोणी पंचवीस, पण एक दिवस सामान बांधून निघायचे हे ठरलेलेच. माझ्या संगणक क्षेत्रात तर प्रणाली दहा वर्षांत जुनी होते आणि ती उभारणाऱ्याचे नाव त्याआधीच पुसले जाते. उरते ते एवढेच, की जाताना आपण कोणाला काय शिकवून गेलो. शिफ्टवरचा ज्युनियर, नव्याने रुजू झालेला अमिराती अभियंता, शेजारच्या टेबलावरचा फिलिपिनो सहकारी: यांच्यापैकी कोणी पुढे म्हणेल का, की हे मला त्या मराठी माणसाने समजावले होते, आणि मला समजेल अशा शब्दांत?

मी परदेशात एम. एस. करत होतो तेव्हा पहिल्या सत्रात प्राध्यापकांचे उच्चारच कळत नसत. त्यांतले एक मात्र माझा चेहरा बघून थांबत आणि वाक्य नव्याने बांधत. त्यांच्या विषयाचे बरेचसे आता विसरलो आहे, ते थांबणे विसरलेलो नाही.

२०१९ मध्ये अमिरातीच्या सरकारी शाळांतून चिनी भाषा शिकवण्याचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. आपल्या मुलांचे काही मित्र आज 'नी हाओ' म्हणत असतील. त्या मुलांना जरूर सांगा, की आपल्यातला एक जण ही भाषा ऐंशी वर्षांपूर्वी शिकला होता आणि त्याच भाषेत शिकवत होता. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा सोलापूरला एक दिवस काढा. कोटणीसांच्या राहत्या घराचे तिथे स्मारक झाले आहे. मुलांना ते घर दाखवा, आणि डॉक्टरांचे म्हणून दाखवताना मास्तरांचे म्हणूनही दाखवा.