सटवाईचा लेख आणि पंचायतीचं रजिस्टर

आजचा विषय तुमच्या-आमच्या घरातलाच आहे, लेकरांचा पहिला वाढदिवस. आणि निमित्तही घरचंच.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी कर्ज मागितलं. नातीचा पहिला वाढदिवस करायचा होता. मांडव, जेवण, केक, फ्लेक्स आणि स्पीकर असा सगळा हिशेब त्यांनी मांडला. आम्ही म्हटलं, मावशी, गटाचं कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, आजारपणाला असतं. वर्षाच्या पोरीला काय कळतंय? तेव्हा मावशी म्हणाल्या, "नातवाचा मागच्या साली केला तवा कुणी बोललं न्हाई. आन् माझा जन्म कधीचा, ते माझ्या आईलाबी सांगता आलं न्हाई. पोरीच्या जन्माची आठवण गावानं ठेवावी, एवढंच माझं म्हणणं."

यावर आम्ही गप्प बसलो. वाढदिवस करावा की नाही, हे ठरवण्याआधी आपल्याकडे तो कधीपासून आणि कसा होतो, हे नीट बघावं असं आम्हाला वाटलं. जुन्या बायकांशी बोललो, काही वाचलं. ते आज तुमच्यापुढं ठेवतोय.

आपल्या आज्यांच्या काळात लेकराचे सोहळे पुष्कळ होते, पण तारीख धरून दरवर्षी येणारा वाढदिवस फार थोड्या घरांत व्हायचा. पाचव्या दिवशी पाचवी, पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा. बाराव्या दिवशी बारसं, पाळणा, घुगऱ्या. मग उष्टावण, जावळ. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण, त्यात काळं झबलं, हलव्याचे दागिने आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे. हे सगळे सोहळे लेकराच्या पहिल्या एक-दोन वर्षांत दाटीनं आलेले दिसतात. याचं कारण उघड आहे. तेच दिवस धोक्याचे होते. लेकरू पाच दिवस जगलं, बारा दिवस जगलं, अन्नाला लागलं, थंडीतून पार पडलं, अशा एकेका पायरीवर बायकांनी देवाचे आभार मानले.

भीती किती होती ते नावांवरूनही कळतं. दगडू, धोंडू, भिकू ही नावं लाडाची नव्हती. लेकरं जगत नाहीत म्हटल्यावर दगडासारखं टणक राहावं किंवा भीक मागून आणलंय असं दाखवून मरणाची नजर चुकवावी, म्हणून ती ठेवलेली. मुलींच्या बाबतीत मात्र एक नाव भीतीचं नव्हतं, नकाराचं होतं. नकुशी. सातारा जिल्ह्यात २०११ साली समारंभ करून अडीचशेहून जास्त नकुशींना नवी नावं दिली, ते तुमच्यातल्या काहींना आठवत असेल.

वाढदिवस मुळीच नव्हता असं मात्र नाही. शास्त्रात त्याला अब्दपूर्ती किंवा वर्धापन म्हणत. अब्द म्हणजे वर्ष. त्या दिवशी अभ्यंग करायचं, मार्कंडेयाची आणि अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप, परशुराम या सात चिरंजीवांची आठवण करायची, तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं आणि औक्षण करायचं. औक्षणाचा हेतूही आयुष्य वाढावं हाच. पण हे चालायचं तिथीवर, आणि जिथं पंचांग वाचणारं कुणी होतं अशा घरांत.

राजे-बादशहांचे वाढदिवस थाटाचे असत. अकबर आणि जहांगीर वाढदिवसाला तराजूत बसून स्वतःची तुला करवून घेत. एका पारड्यात बादशहा, दुसऱ्या पारड्यात सोनं-चांदी, धान्य, कापड. वर्षातून दोनदा, एकदा सूर्याच्या वर्षानं आणि एकदा चंद्राच्या वर्षानं. वाढदिवसाला 'सालगिरह' म्हणतात, त्यातला गिरह म्हणजे गाठ. दोऱ्याला दरसाल एक गाठ मारायची, गाठी मोजल्या की वय कळायचं. लिहिता न येणाऱ्या आईलाही जमेल अशी ही रीत.

आता केक आणि मेणबत्त्या. त्या आल्या जर्मनीकडून. १७४६ साली तिथल्या एका सरदाराच्या वाढदिवसाला भट्टीत मावेल एवढा मोठा केक करून त्यावर वयाइतक्या मेणबत्त्या लावल्याची नोंद आहे. मुलांच्या केकवर तिथं वयाच्या मेणबत्त्या आणि शिवाय एक जादा लावायची रीत होती. ती जादा मेणबत्ती पुढच्या वर्षाच्या आयुष्यासाठी. केक कापताना आपण सगळे जी चाल म्हणतो, ती अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या हिल आडनावाच्या दोन बहिणींची. शाळेतल्या लहान मुलांनी सकाळी म्हणायचं गाणं म्हणून ती त्यांनी केली आणि १८९३ साली छापली. वाढदिवसाचे शब्द तिला नंतर चिकटले. म्हणजे ही चाल मुळात बालवाडीच्या बाईंची आहे.

मैत्रिणींनो, आपलं निरांजन आणि तिकडची ती जादा मेणबत्ती यांचं मागणं एकच आहे. लेकरं तिकडंही मरत होती. आपल्याकडं देवीच्या रोगानं घरंच्या घरं रिकामी केली. त्यावरची पहिली लस आपल्या देशात १४ जून १८०२ रोजी मुंबईत टोचली, अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तिच्या फोडातली लस काढून पुढं दुसऱ्या मुलांना टोचत टोचत ती देशभर गेली. एका लहान मुलीच्या दंडापासून हे सुरू झालं, आणि १९७५ नंतर देवीचा रोगी देशात आढळला नाही.

तरी १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, आणि आपल्या महाराष्ट्रात १६ वर. लस, दवाखान्यातली बाळंतपणं, स्वच्छ पाणी, आशाताई आणि अंगणवाडीताई या सगळ्यांनी मिळून हे घडवलं. म्हणून पहिल्या वाढदिवसाला आनंद करण्यात गैर काही नाही. आपल्या पणज्या ज्या दिवसाकडं डोळे लावून बसायच्या, तो हा दिवस.

आता दुसरी गोष्ट, तारखेची. मावशींचा सगळा राग तिथंच होता.

जन्मतारखेचा घोळ मोठमोठ्यांच्या बाबतीतही झालेला आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला की शके १५५१ च्या फाल्गुनातला, यावर अभ्यासक कित्येक वर्षं वाद घालत होते. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया मिळते, ती इंग्रजी तारखेनं १९ फेब्रुवारी १६३०. सरकारनं ती मान्य केली, आणि तिथीनं जयंती करणारे अजूनही तिथीनं करतात. राजाच्या जन्माची नोंद शोधावी लागली, तिथं आपल्या आयांची कोण ठेवणार?

गावात नोंद अगदीच नव्हती असं नाही. कोतवाल बुक असायचं, गाव नमुना नंबर १४. जन्म आणि मृत्यू त्यात लिहीत. पण त्यातल्या पुष्कळ जन्मनोंदींत बाळाचं नाव सापडत नाही. बापाचं नाव, जात, आणि मुलगा झाला की मुलगी, एवढंच. आईच्या डोक्यात मात्र वेगळं रजिस्टर असायचं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला", "पटकीच्या साथीत झाली", "कोयनेचा भूकंप झाला तवा ही पोटात होती".

आमच्या मावशी त्या भूकंपाच्याच. भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा, म्हणजे त्यांचा जन्म १९६८ च्या सुरुवातीचा. १९७२ ला आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून थोरल्या बहिणीबरोबर ही चार वर्षांची पोर शाळेत बसायला लागली. गुरुजींनी नाव घालताना सहा वर्षं पूर्ण दाखवली आणि दाखल्यावर तारीख पडली १ जून १९६६. आपल्या राज्यात १ जूनला जन्मलेली माणसं इतकी का, त्याचं हेच कारण. शाळा जूनमध्ये उघडायची आणि जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहायचे.

गुरुजींनी लिहिलं ते भल्यासाठीच. पण १९८४ साली मावशींचं लग्न ठरलं, तेव्हा कुणीतरी वयाचं विचारलं, तर वडिलांनी तो दाखला दाखवला. कागदावर अठरा पूर्ण होती. खरी सोळा.

इथं थोडा मागचा इतिहास सांगावा लागेल. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. मोठेपणी त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढं १८८८ साली तडजोड झाली, आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. त्या वादळानंतर १८९१ ला संमतिवयाचा कायदा आला, दहाचं वय बारावर गेलं. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं, १९४९ ला पंधरा झालं, १९७८ ला अठरा. दरवेळी एकच अडचण यायची. मुलीचं वय सिद्ध कशावरून करायचं? सर मोरोपंत जोशी यांच्या समितीनं १९२९ सालीच म्हटलं होतं की जन्माची आणि लग्नाची नोंद पक्की हवी. देशभर सगळ्यांना लागू असा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा व्हायला मात्र १९६९ साल उजाडलं. मावशींच्या जन्मानंतर एक वर्षानं.

पाचव्याच्या रात्री आपण सटवाईपुढं कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. ती येते आणि लेकराच्या कपाळावर लेख लिहिते म्हणतात. तो लेख कुणाला वाचता येत नाही. रजिस्टरातला लेख वाचता येतो, आणि मुलीला पुढं त्याचाच आधार असतो. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर बायकांत जवळपास २२ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. अशा लग्नाला नाही म्हणायचं तर हातात कागद लागतो.

म्हणून आम्ही मावशींना म्हटलं, नातीचा दाखला आणा, तारीख बघून वाढदिवस ठरवू. त्यांनी दाखला आणला. तारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, बापाचं बरोबर. बाळाच्या नावाची जागा कोरी. दवाखान्यात जन्म झाला तेव्हा नाव ठरलेलं नव्हतं, नोंद तेवढी झाली. नंतर बारसं झालं, गावाला नाव कळलं, रजिस्टरला कुणी कळवलं नाही. बैठकीत आम्ही वीसजणी होतो. घरी जाऊन आपापल्या लेकरा-नातवंडांचे दाखले बघितले, तर आणखी दोघींचं तसंच निघालं. त्या दोन्ही मुली.

तेव्हा वाढदिवसाची तयारी अशी करा, मैत्रिणींनो. बाळाचा जन्म २१ दिवसांच्या आत नोंदवा, त्याला पैसे पडत नाहीत. नोंद झाल्यापासून बारा महिन्यांत नाव घातलं तर तेही फुकट. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण शुल्क भरून. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आधीच दाखला काढून बघायचा. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांना तर शाळेत नाव घालायला, आधारला, मतदार यादीला, लग्न नोंदवायला जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. तिथं आता १ जून चालणार नाही.

त्याच आठवड्यात अंगणवाडीत वजन करून घ्या. बादशहाची तुला व्हायची, आपल्या लेकराची काट्यावर होऊ दे. लसीचं कार्ड बघा, नवव्या महिन्यानंतरचा गोवर-रुबेलाचा डोस राहिला असेल तर घ्या. घुगऱ्या कराल तर लहानग्यांना कुस्करून द्या, अख्खा हरभरा किंवा शेंगदाणा घशात अडकतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला.

आणि खर्च? मावशींनी कर्जाचा अर्ज स्वतःच मागं घेतला. स्पीकर आणि फ्लेक्स कमी केले. गटातल्या प्रत्येकीनं घरून शेरभर काहीतरी आणलं. ताटात तुपाचं निरांजन, सुपारी, अंगठी, आणि शेजारी एक छोटा केकही होता, कारण भावाला मागच्या साली केक होता. नाव घातलेला दाखला मावशींनी औक्षणाच्या ताटात ठेवला होता. पाहुण्यांतल्या एका शिकलेल्या मुलीला त्यांनी तो मोठ्यानं वाचायला लावला.

तुमच्या घरातल्या लहानग्यांचे दाखले आज रात्रीच काढून बघा. नावाची जागा कोरी असेल तर उद्या पंचायतीत जा.