चकाकीचा ठिपका

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. एका संध्याकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवत ती म्हणाली, "अब्बा, प्रोजेक्टसाठी एक ग्राफिक्स कार्ड लागेल." किंमत ऐकली आणि चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी केली, तर दुकानदार हसून म्हणाला, "चाचा, हे तर पोरं गेम खेळायला नेतात." घरी येऊन मी मुलीला विचारलं, "खेळाचं कार्ड अभ्यासाला कशाला? आणि हे सगळं करून मिळणार काय?"

प्रश्न तोंडातून गेला आणि मला माझे वडील आठवले. ते कल्हईवाले होते. मी बी.ए.ला असताना कविता लिहू लागलो, तेव्हा भाता ओढता ओढता त्यांनी मला हाच प्रश्न विचारला होता. मला उत्तर देता आलं नव्हतं. मुलीनं मात्र दिलं. ते नीट समजून घ्यावं म्हणून मी वाचू लागलो, आणि एक इतिहास हाती लागला. हा सारा इतिहास विद्यार्थ्यांचा आहे. तोच आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात करू १९६३ सालापासून. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत त्या वर्षी दोन विद्यार्थ्यांनी पीएच.डी.चे प्रबंध सादर केले. आयव्हन सदरलँड यांनी प्रकाशाच्या लेखणीनं थेट पडद्यावर रेखाटन करता येईल अशी व्यवस्था उभी केली. तिचं नाव स्केचपॅड. दुसरे लॅरी रॉबर्ट्स. त्यांनी उलट बाजूनं विचार केला. ठोकळ्यांचं छायाचित्र पाहून ते ठोकळे कसे आहेत हे यंत्राला ओळखता येईल का? एकानं यंत्राला चित्र काढायला शिकवलं, दुसऱ्यानं चित्र पाहायला. पहिल्या वाटेला पुढं संगणकीय चित्रण म्हणू लागले, तर दुसरी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंगणात गेली. या दोन वाटा पुन्हा भेटल्या, पण त्याला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

चित्र काढण्याची वाट पुढं गेली ती युटा विद्यापीठात. सॉल्ट लेक सिटीच्या या विद्यापीठात डेव्हिड इव्हान्स यांनी १९६५ साली संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला, १९६८ साली सदरलँड तिथं शिकवायला आले. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘अर्पा’ या संस्थेचा होता. पण विद्यार्थ्यांसमोरचे प्रश्न मात्र एखाद्या चित्रकारानं विचारावेत असे होते. पुढच्या वस्तूमागं मागची वस्तू झाकली जाते, हे यंत्राला कसं कळावं? गाल गोल कसा दिसावा? जॉन वॉर्नॉक यांनी १९६९ साली पहिल्या प्रश्नाचं एक उत्तर शोधलं. आपण आज जी छपाईची पानं संगणकावर जुळवतो, त्यामागच्या अ‍ॅडोबी कंपनीचे ते पुढं एक संस्थापक झाले. एड कॅटमल या विद्यार्थ्यानं १९७२ साली स्वतःच्या डाव्या हाताचा साचा काढून, त्यावर छोट्या छोट्या त्रिकोणांचं जाळं आखून पडद्यावर हलता हात दाखवला. हेच पुढं पिक्सार कंपनीचे संस्थापक झाले. आंरी गुरो यांनी तर बायकोच्या चेहऱ्यावरच रेघा आखल्या आणि मापं घेतली. सदरलँड यांच्या पत्नीची फोक्सवॅगन मोटारही सुटली नाही; विद्यार्थ्यांनी तिच्यावर खुणा करून काठ्यांनी ती मोजून काढली.

मोटार मोजणाऱ्या या मुलांत बुइ तुओंग फोंग नावाचा एक तरुण होता. १९४२ साली हनोईत जन्मलेला, सायगावात वाढलेला, फ्रान्समध्ये शिकलेला. १९७१ साली तो युटाला आला. त्याच्या देशात युद्ध चालू होतं, आणि ते लढणाऱ्या देशाच्या संरक्षण खात्याच्या पैशावर तो प्रकाशाचा अभ्यास करत होता. वस्तूवर उजेड पडला की ती कशी दिसते, एवढाच त्याचा विषय.

इथं मला वडिलांच्या कल्हईची मदत झाली. तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा. मग कथील फिरवून ते कापडानं घासायचं. काम झालं की वडील भांडं उन्हात धरून हळूहळू फिरवायचे. मडक्यावर उजेड सगळीकडं पसरतो. कल्हईच्या भांड्यावर तो एका जागी गोळा होतो, चकाकीचा ठिपका उमटतो. भांडं फिरवलं, की भांड्याच्या अंगावरून ठिपका सरकतो. तो कुठं अडखळला, तर तिथं कल्हई नीट बसलेली नाही.

संगणकातल्या भांड्याची अडचण अशी, की ते गोल नसतं. ते शेकडो सपाट तुकड्यांचं असतं. गुरो यांनी तुकड्याच्या कोपऱ्यांवरचे रंग काढून मधली जागा त्या रंगांच्या मिश्रणानं भरायची युक्ती १९७१ साली काढली होती. त्यामुळं कडा मऊ झाल्या. पण चकाकीचा ठिपका तुकड्याच्या मधोमध पडला, तर तो हरवून जाई. फोंगनं रंग मिसळायचं सोडून दिलं. प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे त्यानं आधी काढलं, आणि मग त्या बिंदूपुरता उजेडाचा स्वतंत्र हिशेब केला. आसपासचा मंद उजेड, पसरलेला उजेड आणि चकाकी, अशा तीन गोष्टींची बेरीज. चकाकीसाठी एक आकडा ठेवला. तो वाढवला की ठिपका लहान आणि धारदार होतो, कमी केला की पसरट होतो. म्हणजे माझ्या वडिलांचा हात कुठं थांबला, हे त्या एका आकड्यात आलं.

फोंगचा प्रबंध १९७३ सालचा. त्याचा लेख १९७५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, एप्रिलच्या शेवटी, सायगाव पडलं होतं. ज्या शहरात तो वाढला, त्याचं पुढं नावही बदललं. आणि त्याच वर्षी फोंग वारला. वय बत्तीस. व्हिएतनामी रीतीनं बुइ हे त्याचं घराण्याचं नाव. फोंग हे घरातल्यांनी हाक मारायचं नाव. जगानं त्याच्या सूत्राला ‘फोंग’च म्हटलं. नकळत जगभरचे विद्यार्थी त्याला घरच्यांसारखी हाक मारतात.

आता मुलीच्या कार्डाकडं येऊ. फोंगचा हिशेब सुंदर, पण खर्चिक. पडद्यावर लाखो बिंदू, आणि प्रत्येकाचा वेगळा हिशेब. मात्र एका बिंदूचा हिशेब दुसऱ्यावर अवलंबून नसतो. मग सगळे एकाच वेळी का करू नयेत? लग्नघरात हजार पुऱ्या लाटायच्या, तर एक पट्टीची आचारीण कामाची नाही, शंभर साध्या बाया बसवाव्या लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे त्या शंभर बाया. ही कार्डं खेळांच्या बाजारासाठी घडली, आणि २००१ च्या सुमाराला त्यांच्यावर बिंदूगणिक असे हिशेब लिहून देता येऊ लागले.

पुन्हा एक विद्यार्थी पुढं आला. स्टॅनफर्डच्या इयन बक यांनी आपल्या संशोधनात विचारलं, की या कार्डाकडून चित्राऐवजी दुसरी गणितं का करून घेऊ नयेत? २००४ साली त्यांनी त्यासाठी ‘ब्रूक’ नावाची भाषा मांडली. पुढं एनव्हिडिया कंपनीत जाऊन त्यांनी तेच काम ‘कुडा’ या नावानं वाढवलं.

आणि २०१२ साली टोरांटोत दोन्ही वाटा भेटल्या. जेफ्री हिंटन यांचा विद्यार्थी अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की यानं इल्या सुट्सकेव्हर या सहाध्यायाबरोबर यंत्राला चित्रं ओळखायला शिकवायचं ठरवलं. आईवडिलांच्या घरी, आपल्या झोपायच्या खोलीत, खेळाची दोन कार्डं लावून. बारा लाख चित्रं त्या यंत्राला पाच-सहा दिवस दाखवली. इमेजनेटच्या स्पर्धेत पाच अंदाज करण्याची मुभा असे. दुसऱ्या क्रमांकाची चूक शंभरात २६ च्या वर होती, यांची १५ च्या आसपास. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट तिथून उसळली. हिंटन यांना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे जमलं कसं? मुलीनं मला वहीच्या पानावर दाखवलं. फोंगच्या सूत्राच्या पोटात दोन दिशांचे आकडे जोडीजोडीनं गुणायचे आणि बेरीज करायची, एवढंच असतं. शिकणारं यंत्रही आतून तेच करतं, गुणाकार आणि बेरीज, कोट्यवधी वेळा. भांड्यावरचा उजेड मोजण्यासाठी घडलेलं हत्यार म्हणूनच अक्षर ओळखायलाही कामी आलं.

मुलीचं प्रोजेक्ट अक्षरांचंच होतं. मोडीतली जुनी कागदपत्रं यंत्राकडून वाचून घ्यायची. मोडी लिहिणारा आधी ओळीची रेघ ओढतो आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरांत अक्षर गुंतवत जातो. आमच्या घरातही आजोबांच्या वेळचा एक खरेदीचा कागद आहे. वडिलांना तो वाचता आला नाही, मलाही येत नाही.

शेवटी मी एक जुनं, वापरलेलं कार्ड आणून दिलं. तिचं यंत्र सुटी अक्षरं बऱ्यापैकी ओळखू लागलं, गुंतलेल्या शब्दांत मात्र अजून चुकतं. आमच्या कागदातले चार शब्द त्यानं वाचले. त्यातला एक शब्द ‘तांबट’ निघाला. बरोबर की चूक, ते मोडीच्या जाणकाराकडून तपासून घ्यायचं आहे.

आता ती म्हणते, "अब्बा, आणखी दोन वर्षं याच विषयावर काम करीन म्हणते." हे करून मिळणार काय, हे फोंगला १९७३ साली सांगता आलं नसतं, आणि तिलाही आज सांगता येणार नाही. या वेळी मी विचारलं नाही. फी किती, एवढं विचारलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)