दर्या वाचणारी माणसं

डिसेंबर १९८० मध्ये श्रीलंकेचे हॅमिल्टन शर्ली अमरसिंघे वारले, तेव्हा त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम अर्ध्यावर होतं. संयुक्त राष्ट्रांच्या तिसऱ्या सागरी कायदा परिषदेचे ते अध्यक्ष. समुद्र कुणाचा, किती अंतरापर्यंतचा, आणि तळाशी जे आहे ते कुणी घ्यायचं, यावर दीडशेच्या आसपास देश १९७३ पासून खल करत होते. करारावर सह्या व्हायला अजून दोन वर्षं होती. तरीही आमसभेनं १९८१ मध्येच अमरसिंघे यांचं स्मारक ठरवून टाकलं: त्यांच्या नावानं एक अभ्यासवृत्ती. विकसनशील देशातल्या माणसानं यावं, समुद्राचा कायदा शिकावा आणि आपल्या देशात परत जावं.

मुत्सद्द्याचं यापेक्षा चपखल स्मारक सापडणं कठीण.

या वृत्तीचं मूळ शोधत गेलं, की आपण माल्टाला पोहोचतो. मुंबईहूनही लहान असलेला हा बेटांचा देश १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, त्याचे राजदूत आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत समुद्रतळावर एक प्रदीर्घ भाषण केलं. राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा, ही त्यांची मागणी. खोल समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे खनिजगोळे पडलेले आहेत, त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट आहे. यंत्रं ज्यांच्याकडे आहेत ते ती संपत्ती उचलून नेतील आणि बाकीचे बघत राहतील, अशी त्यांना धास्ती होती. गोळ्यांच्या मोलाचे त्यांनी मांडलेले आकडे पुढे फुगवलेले ठरले. पण हे भाषण उभं राहिलं ते जॉन मेरो यांच्या १९६५ च्या समुद्री खनिजांवरच्या पुस्तकासारख्या वाचनावर, हे महत्त्वाचं. एका छोट्या देशाच्या राजदूतानं शास्त्राची पुस्तकं वाचली म्हणून समुद्राच्या राजकारणाला नवं वळण लागलं.

त्या भाषणातून समुद्रतळ समिती निघाली. तिचं अध्यक्षपद अमरसिंघे यांच्याकडे आलं आणि पुढे परिषदेचंही. माणूस किती विश्वासाचा होता, हे १९७८ मध्ये दिसलं. श्रीलंकेत सत्तापालट झाला होता आणि अमरसिंघे स्वतःच्या देशाच्या शिष्टमंडळातही उरले नव्हते. ज्याच्यामागे देश नाही तो अध्यक्ष कसा, असा आक्षेप आला, वाद पेटला, मतदान झालं. आणि परिषदेनं त्यांनाच खुर्चीवर ठेवलं. मतदान टाळून सहमतीनं पुढे जायचं, हा दंडक पाळणाऱ्या परिषदेला अध्यक्षासाठी मात्र मत टाकावं लागलं.

१० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातल्या माँटेगो बे इथं पहिल्याच दिवशी ११९ सह्या झाल्या. ३२० कलमं, नऊ परिशिष्टं. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि खनिजांवर किनारी देशाचा हक्क कायद्यानं पक्का झाला. कालपरवा स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांच्या वाट्याला जमिनीच्या अनेक पट समुद्र आला.

पण कलम ६१ सांगतं, की या पट्ट्यात किती मासळी धरू द्यायची हे त्या देशानं उपलब्ध शास्त्रीय पुराव्यावरून ठरवावं. कलम ६२ म्हणतं, की आपली धरण्याची ताकद किती हेही त्यानं ठरवावं आणि उरलेला वाटा इतरांना द्यावा. मग मासळीचा साठा मोजणार कोण? परदेशी ट्रॉलरच्या मालकांशी करार करताना टेबलाच्या या बाजूला बसणार कोण? हक्क मिळाला तरी तो वापरायला जीवशास्त्रज्ञ, नकाशे काढणारे, कायदा जाणणारे अधिकारी लागतात, आणि नेमकी तीच माणसं नव्या देशांकडे नव्हती. सागरी अभ्यासवृत्त्यांचा इतिहास या उणिवेतून सुरू होतो. कराराच्या इतिहासात त्यांना तळटीपेएवढीच जागा मिळते, हा अन्यायच म्हणायला हवा.

ही उणीव एलिझाबेथ मान बोर्गेझ यांनी आधीच हेरली होती. कादंबरीकार थॉमस मान यांची ही मुलगी १९१८ मध्ये म्युनिकला जन्मली, १९३३ मध्ये कुटुंबासह जर्मनीबाहेर पडली. शिकली पियानो, आणि पन्नाशीला आल्यावर आयुष्य वाहिलं समुद्राला. १९७० मध्ये त्यांनी माल्टात ‘समुद्रावर शांती’ या अर्थाच्या लॅटिन नावाची परिषद भरवली आणि १९७२ मध्ये तिथंच आंतरराष्ट्रीय महासागर संस्था काढली. कायद्याचा मसुदा अजून हवेत असतानाच, तो राबवणारी माणसं घडवायला हवीत, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. कॅनडातल्या हॅलिफॅक्सला डलहौसी विद्यापीठात त्या शिकवू लागल्या, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथं विकसनशील देशांतल्या अधिकाऱ्यांचे वर्ग भरू लागले. मत्स्यखात्यातला माणूस, बंदर अधिकारी, परराष्ट्र खात्यातला वकील एका बाकावर. एरवी आपापल्या देशात ही मंडळी एकमेकांच्या कचेरीची पायरीही चढत नसतात.

डलहौसी हे नाव मराठी माणसाला खटकणारच. विद्यापीठ १८१८ मध्ये स्थापलं ते नववे अर्ल जॉर्ज रॅमसे यांनी. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा करणारा गव्हर्नर जनरल हा त्यांचाच मुलगा. एका राज्याचा हक्क ज्या घराण्यातल्या माणसानं बुडवला, त्याच घराण्याच्या नावाच्या विद्यापीठात दीडेकशे वर्षांनी नव्या देशांची माणसं आपला हक्क समजून घ्यायला बसली.

अमरसिंघे वृत्ती प्रत्यक्षात दिली जाऊ लागली १९८६ पासून. रचना साधी: काही महिने एखाद्या सहभागी विद्यापीठात संशोधन, मग न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा विभागात काम. अडचण कायम एकच, पैशाची. निधी देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालणारा, त्यामुळे तो वाढवा अशी आर्जवं आमसभेच्या ठरावांमध्ये पुन्हा पुन्हा येतात.

भारत तोवर वेगळ्या बाकावर सरकला होता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘गवेषणी’ हे गाळवाहू बार्जचं रूप पालटून केलेलं जहाज. २६ जानेवारी १९८१ रोजी त्यानं समुद्रतळावरचे खनिजगोळे वर काढले, तेच पार्दोंच्या भाषणातले. १७ ऑगस्ट १९८७ रोजी भारताची ‘पायोनियर इन्व्हेस्टर’ म्हणजे समुद्रतळातला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून नोंद झाली, जगात पहिली. मध्य हिंदी महासागरातलं दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र त्याच्या नावे झालं. या मानाबरोबर एक बंधनही होतं: अशा प्रत्येक गुंतवणूकदारानं ठरवून दिलेल्या माणसांना प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे शिकवण्याची जबाबदारी थेट खाणकामाच्या परवान्याला बांधलेली.

मोठा पैसा आला तो जपानमधून. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि निप्पॉन फाउंडेशन यांच्यात करार झाला आणि दरवर्षी एकाऐवजी साधारण दहाजणांना नऊ महिन्यांची वृत्ती मिळू लागली. हे फाउंडेशन उभं आहे मोटरबोटींच्या शर्यतींवरच्या पैजांच्या उत्पन्नावर. आता विषयही बदलले होते. १९६७ मध्ये सगळ्यांची नजर खनिजांवर होती. आता घटती मासळी, संरक्षित सागरी क्षेत्रं, बुडू पाहणाऱ्या बेटांच्या हद्दी हे प्रश्न पुढे आले. समुद्र टिकवून वापरायचा, ही भाषा त्यातून रुळली.

या साऱ्या शिक्षणाचा कस कुठे लागतो, ते अमरसिंघे यांच्याच घरच्या समुद्रात दिसतं. गंगा-ब्रह्मपुत्रेनं हिमालयातून आणलेला गाळ बंगालच्या उपसागरात सुमारे ३,००० किलोमीटर दक्षिणेला पसरला आहे. सागरमग्न खंडभूमीची हद्द ठरवायचं कराराचं सर्वसाधारण सूत्र इथं लावलं, तर श्रीलंकेची अर्ध्याहून अधिक खंडभूमी हद्दीबाहेर राहिली असती. म्हणून ऑगस्ट १९८० मध्ये, अमरसिंघे हयात असतानाच, परिषदेनं या भागापुरती वेगळी रीत मान्य केली: गाळाचा थर जिथवर किमान एक किलोमीटर जाड आहे, तिथवर हद्द. सवलत मिळाली, पण पाण्याखालच्या त्या गाळाची जाडी मोजून सिद्ध करायची होती. त्यासाठी भूकंपीय सर्वेक्षण हवं, त्याचे आलेख वाचणारे हवेत, आणि ते खंडभूमीच्या हद्दींचे दावे तपासणाऱ्या आयोगापुढे मांडणारे हवेत. भूगर्भशास्त्र, भूभौतिकी आणि जलालेखनातल्या २१ तज्ज्ञांच्या या आयोगाकडे दावे देण्याची मुदत अनेक देशांसाठी १३ मे २००९ होती. भारतानं आपले कागद ११ मे रोजी दिले. श्रीलंकेनं त्याच्या तीन दिवस आधी, ८ मे रोजी, गाळाच्या जाडीचा हिशेब आयोगाच्या हाती ठेवला होता.