मोमिनाबादचे अंबाजोगाई : बीडच्या कागदांचा शोध

२०२३च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांचे अभिलेख कक्ष गजबजले. मराठ्यांना कुणबी म्हणून आरक्षण मिळावे यासाठी बीडमधल्या मातोरीचे मनोज जरांगे पाटील शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंतरवाली सराटीला उपोषणाला बसले होते. ७ सप्टेंबरला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकालीन कागदांत ‘कुणबी’ ही नोंद शोधायचे काम सुरू झाले. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांची नोंदवही, १९५१चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, खरेदीखते, अटक पंचनामे, अगदी कच्च्या कैद्यांची नोंदवहीसुद्धा तपासायची होती.

शोधायचा शब्द एकच होता, पण लिहिणाऱ्यांनी तो एकाच तऱ्हेने लिहिला नव्हता. कुठे ‘कुणबी’, कुठे ‘कुनबी’, कुठे नुसता ‘कु.’.

कारण सरळ आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबारी कारभारातून फारसी जाऊन उर्दू आली, गावपातळीवरच्या कागदांत मात्र मोडी चालत राहिली. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि ‘ण’साठी ‘नून’च वापरतात. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची, त्यामुळे दोन शब्दांत जागा सुटत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा नसतो. सन असतो फसली, म्हणजे महसुली. त्यात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळ पोचता येते. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७च्या सुमाराचा. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे हाताशी असल्याशिवाय हा शोध पुढे सरकणेच शक्य नव्हते.

त्यात गावांची नावेही बदललेली. आजचे अंबाजोगाई जुन्या कागदांत मोमिनाबाद आहे. धारूरला अहमदनगरच्या निजामशाहीत फतेहाबाद हे नाव मिळाले होते. माजलगाव तालुका मांजलेगाव म्हणून येतो. खुद्द बीडचे जुन्या इम्पीरियल गॅझेटियरातले इंग्रजी स्पेलिंग ‘भीर’ असे वाचले जाते.

सापडलेल्या पानांचे स्कॅनिंग होऊ लागले आणि प्रश्न गठ्ठ्यातून हार्ड डिस्कवर आला. स्कॅन केलेले पान म्हणजे संगणकाच्या लेखी चित्र. त्यातला मजकूर त्याला आपोआप वाचता येत नाही. त्याला दिसते फक्त फाइलचे नाव. मग हजारो फाइलींतून हवी ती काढायची, तर उपयोगी पडते वाइल्डकार्ड : * म्हणजे इथे काहीही चालेल, ? म्हणजे इथे कोणतेही एक अक्षर चालेल. १९७१च्या पहिल्या युनिक्समध्ये हे काम ‘ग्लॉब’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करत असे. पुढे १९८१च्या डॉसमध्येही, आठ अधिक तीन अक्षरांच्या तोकड्या नावांवर, हीच दोन चिन्हे चालत होती.

बीडच्या नावांवर ती चालवून पाहावीत, म्हणजे त्यांचे बळ आणि मर्यादा दोन्ही कळतात. फाइलींच्या नावांत जात लिहिलेली असेल तर ‘*कु?बी*’ला कुणबी आणि कुनबी दोन्ही सापडतात. पण ‘कुण्बी’ निसटतो, कारण युनिकोडमध्ये पाय मोडलेला ‘ण्’ म्हणजे दोन चिन्हे, आणि प्रश्नचिन्ह एकाचीच जागा भरते. तिथे ‘*कु*बी*’ लागते. घाईने ‘*कु*’ एवढेच लिहिले तर कुलकर्णी, कुंभार, कुरेशी सगळेच गोळा होतात. ‘*जल*गाव*’ माजलगाव आणि मांजलेगाव दोघांनाही धरते. अंबाजोगाईला मोमिनाबादशी जोडणारा मात्र कोणताही स्टार नाही. ते नाते फाइलीला नाव देणाऱ्यानेच माहीत करून घेऊन लिहायला हवे : समजा, आधी आजचा तालुका, मग गाव, मग कागदाचा प्रकार, मग फसली आणि इसवी दोन्ही सन. हा क्रम प्रत्येक फाइलीत पाळला तरच ‘अंबाजोगाई_*_खासरा_*’ एवढ्या एका ओळीने तालुक्याची सगळी खासरा पत्रके एका फोल्डरात हलवता येतात. क्रम मोडला की यंत्र निरुपयोगी, आणि नोंद असूनही नसल्यासारखी.

असे नियम महसूल खात्याला नवे नाहीत. सात आणि बारा या दोन नमुन्यांच्या आकड्यांवरूनच सातबारा ओळखला जातो. अभिलेख कक्षात ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’चे ३० वर्षे, ‘ड’चे एक वर्ष ठेवायचे, ही वर्गवारी जुनी आहे. १९८०च्या दशकात शेजारच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कारकुनाच्या टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे केले. कागद कशाविषयी आहे यापेक्षा त्याचे पुढे काय करायचे आहे, हे पाहून : चालू प्रकरण, उत्तराची वाट पाहणारे, अभिलेख कक्षात धाडायचे, नष्ट करायचे, वगैरे. ‘लखिना पॅटर्न’ पुढे राज्यभर गेला. माझ्या मते संगणकावर फोल्डर आखणाऱ्याने आधी हे सहा गठ्ठे समजून घ्यावेत.

३ नोव्हेंबर २०२३ला शिंदे समितीचे काम राज्यभर वाढवले गेले. २ सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला आणि कुणबी असल्याच्या दाव्यांची चौकशी गावात नेली. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशा तिघांची समिती ती करते. गावाचे, शिवाराचे जुने नाव अजून तोंडी सांगणारी म्हातारी माणसे या तिघांना भेटू शकतात. ती नावे त्यांनी लगेच फाइलीच्या नावात उतरवून घ्यावीत.