नाळेवरचा टिपू

शिडाच्या मोठ्या लाकडी जहाजांच्या नाळेवर एक कोरीव मूर्ती बसवलेली असे. इंग्रजीत तिला 'फिगरहेड' म्हणतात. ती साधारणपणे जहाजाच्या नावाला धरून असायची. राजाच्या नावाच्या जहाजावर राजा, सिंहाच्या नावाच्या जहाजावर सिंह. काम मेहनतीचे होते. तुकडे सांधून आकार उभा करायचा, लाटांच्या माऱ्याला टिकेल असा घट्ट बसवायचा आणि वरचेवर रंगवायचा. खर्चाला कंटाळून ब्रिटिश नौदलाने १७९६ मध्ये नव्या जहाजांवर या मूर्ती बंद करायचे ठरवले, पण प्रथा काही गेली नाही.

आता जहाजाला जिंकलेल्या शहराचे नाव असेल तर काय कोरायचे? याचे उत्तर लंडनच्या ग्रिनिच भागातील सागरी संग्रहालयात आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. वीस वर्षांनी, १८१९ मध्ये, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेले 'सेरिंगापटम' हे सागवानी लढाऊ जहाज पाण्यात उतरले. त्याच्या नाळेवर टिपू होता. डोक्याला पगडी, हातात छत्री, बसायला एक मोठा पक्षी.

हा पक्षी म्हणजे अरबी कथांमधला 'रुख' असे सांगतात. मला मात्र त्यात टिपूच्या सिंहासनावरचा हुमा दिसतो. हुमाची सावली ज्याच्यावर पडेल तो राजा होतो अशी समजूत. टिपूने तो रत्नजडित पक्षी सिंहासनाच्या छतावर, म्हणजे डोक्यावर बसवला होता. विजेत्यांनी सिंहासन मोडले, पक्षी इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला. नाळेवर तोच पक्षी टिपूच्या खाली आला. आणि छत्र? आपल्याकडे राजावर छत्र दुसऱ्याने धरायचे असते. इथे राजाच स्वतःची छत्री धरून बसला आहे! राजचिन्हे दोन्ही राहिली, फक्त जागा बदलल्या.

आपल्या बाजूलाही अशीच गोष्ट आहे. १८४३ मध्ये दमणला एक पोर्तुगीज लढाऊ जहाज बांधले गेले. सागवान नगर हवेलीचे, नाव मात्र पोर्तुगालच्या राजाराणीचे: 'दों फेर्नांदो दुसरा आणि ग्लोरिया'. १८४५ मध्ये ते गोव्याहून लिस्बनला निघाले. १९६३ च्या आगीनंतर डागडुजी होऊन ते आज लिस्बनसमोरच्या काठावर उभे आहे.

'सेरिंगापटम' १८७३ मध्ये मोडीत निघाले. टिपू उरला, तो असा, शत्रूच्या जहाजाची शोभा म्हणून. ती मूर्ती बघताना रंगरूपाच्या आधी छत्री कोणाच्या हातात आहे ते बघावे.