घट मांडला त्या रात्री

8 मे 2024, सकाळी 10.39. सूर्यावरच्या 3664 क्रमांकाच्या डागसमूहातून एक्स, म्हणजे सर्वांत तीव्र वर्गाची सौरज्वाला उसळते. या डागसमूहाची रुंदी पृथ्वीच्या सुमारे पंधरापट. पुढच्या दोन दिवसांत तप्त, चुंबकित वायूचे ढग एकामागून एक आपल्या दिशेनं सुटतात आणि मागचे पुढच्यांना वाटेत गाठतात.

10 मे, दुपारी 12.24. आणखी एक ज्वाला, एक्स 3.9. क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात, ढगांना दिवस लागतात. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्रानं आदल्या दिवशीच जी-4 पातळीच्या भूचुंबकीय वादळाचा इशारा दिलेला आहे, 2005 नंतर पहिल्यांदा. इकडे बुलढाणा जिल्ह्यात अक्षय तृतीया आहे.

संध्याकाळ. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घट मांडला जातो. शेतात गोल आखून कडेनं अठरा धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, सांडई, कुरडई. रात्री तिथं कुणी थांबायचं नाही. कोणता दाणा हलला, कोणतं ढेकूळ भिजलं, ते पहाटे पाहायचं आणि त्यावरून वर्षाचं पाऊसपाणी सांगायचं. ही भाकितं खरी ठरतात असं मी म्हणणार नाही. पण पेरणीआधी आभाळाला विचारून घ्यावं, ही ओढ मला फार जवळची वाटते.

रात्री 10.35. ढगांचा पृथ्वीला पहिला धक्का. ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असलं की पृथ्वीचं चुंबकीय कवच उघडं पडतं, आणि ते वळण पंधरा लाख किलोमीटरवरच्या यानांना ढग भिडेपर्यंत नीट कळत नाही. आपलं आदित्य-एल1 यान जानेवारीपासून तिथंच आहे. तिथून इथवर जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची सवड. अशाच वादळानं 1989च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्वेबेकचा वीजपुरवठा दीड मिनिटात कोसळला होता. साठ लाख माणसं सुमारे नऊ तास अंधारात होती.

11 मे, रात्री 1 च्या सुमारास. लडाखमध्ये हान्लेच्या वेधशाळेचा कॅमेरा उत्तर क्षितिजावरचा ध्रुवीय प्रकाशाचा तांबडा उजेड टिपतो. भेंडवळच्या अक्षांशावर असा उजेड सहसा दिसत नाही.

पहाटे 4.24. वादळ जी-5 या सर्वांत वरच्या पातळीवर. ऑक्टोबर 2003 नंतर प्रथमच. अमेरिकेत ऐन मक्याच्या पेरणीत उपग्रहांच्या आधारानं चालणारे ट्रॅक्टर भरकटतात आणि शेतकरी पेरणी थांबवतात.

सूर्योदय. भेंडवळला घट वाचला जातो.

सकाळी 6.53. त्याच डागसमूहातून एक्स 5.8.

सकाळी 7.30 ते 8.30. वादळाचा तळ: जगभरातल्या चार ठिकाणांच्या सरासरीत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे चारशे नॅनोटेस्लांनी घसरलेलं. 2 सप्टेंबर 1859च्या वादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकाच ठिकाणची घसरण सुमारे सोळाशे भरली होती. एका ठिकाणाचा आकडा आणि चार ठिकाणांची सरासरी यांची तुलना सरळ करता येत नाही, पण पल्ला कळतो. तेव्हा वऱ्हाडात विजेचा एक खांबही नव्हता. आज विहिरीतलं पाणी मोटारीवर आहे. या वेळी भारत वाचला तो विषुववृत्ताजवळ असल्यानं, आणि जोराचा तडाखा भल्या सकाळी, आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, पुरतं भरलेलं नसताना बसल्यानं. जी अर्ध्या तासाची सवड मिळते, ती वीज-उपकेंद्रापर्यंत आणि गावापर्यंत पोचायला हवी.

14 मे, रात्री 10.21. डागसमूह फिरत सूर्याच्या कडेला गेला आहे. एक्स 8.7, पृथ्वीवरून दिसलेली त्याची सगळ्यांत मोठी ज्वाला. तोंड आपल्याकडे नव्हतं.