आधी इमारत, मग माणसे

कळव्यात पारसिकनगर, मनीषानगर किंवा खारेगावच्या गल्ल्यांतून जाताना मी फाटकांवरच्या पाट्या वाचतो. 'टीएनए'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि वर 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित'. यातल्या 'सहकारी'चा माग काढत गेलो की मुंबईच्या गावदेवीत पोहोचायला होते.

१९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने तिथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. इमारत संस्थेची, सभासद तिचा भागधारक आणि तिचाच भाडेकरू. इंग्लंडात ईलिंग टेनंट्सने १९०१पासून हीच पद्धत चालवली होती. घराचा भाव वाढला तरी तो नफा एकट्या सभासदाचा नाही, हे तिचे तत्त्व. ते पेलले, कारण माणसे आधीच एकत्र होती : एक ज्ञाती, एक मठ, एकमेकांच्या घरी जाणे-येणे. या आपलेपणाला एक बंद दारही असते, हे मात्र विसरू नये. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीत बिगर-पारशांना सभासदत्व नाकारणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये वैध ठरवला.

कळव्याची गोष्ट उलटी आहे. मुकंद, सीमेन्ससारखे कारखाने आले, लोकल होतीच, वस्ती वाढली. १९६३च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने बिल्डरवर बंधन घातले की फ्लॅट विकल्यावर खरेदीदारांची संस्था त्याने नोंदवून द्यावी. म्हणजे आधी इमारत, मग माणसे. जिन्यात पहिल्यांदा भेटलेले लोक कायद्याने 'सहकारी' झाले. फ्लॅट प्रत्येकाने स्वतःच्या हिशेबाने घेतलेला, आपलेपणा मात्र उपविधींतून शिकायचा.

आदर्श उपविधी मी कादंबरीसारखे वाचतो. प्रत्येक कलमामागे कुणाचे तरी जुने भांडण दिसते. लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यानेही सारखाच द्यायचा. पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. गच्ची गळून वरच्या मजल्याचे छत ओले झाले, तर दुरुस्ती सगळ्यांच्या पैशातून. एकट्याचा स्वार्थ आवरायला हे ठीक. पण समूहालाही स्वार्थ असतो. फ्लॅट भाड्याने देणाऱ्याकडून संस्था मन मानेल तसा बिनभोगवटा आकार उकळू लागल्या, तेव्हा सरकारला १ ऑगस्ट २००१ रोजी तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर रोखावा लागला.

१९८५मध्ये पंजाबातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सभासद झालेल्या व्यक्तीला संस्थेपुढे वेगळे अस्तित्व उरत नाही; कायदा आणि उपविधी देतील तेवढेच तिचे हक्क. पुनर्विकासाला विरोध करणाऱ्यांपुढे आज हाच दाखला ठेवला जातो. २०१९च्या शासननिर्णयाने एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरवली. चाळीस घरांच्या इमारतीत एकवीस. उरलेल्या एकोणिसांत कुणी जास्त चौरस फुटांसाठी अडून बसलेला असतो, तर कुणी या वयात तीन वर्षे भाड्याच्या घरात काढायला घाबरणारे वृद्ध जोडपे. मतमोजणीत दोघे सारखेच. मला हे खटकते. पण एकाच्या हट्टापायी बाकीच्यांनी पडक्या छताखाली का झोपावे, याचेही उत्तर माझ्याजवळ नाही.

या सगळ्याच्या आधीचा प्रश्न जमिनीचा. ठाणे परिसरात अनेक इमारतींची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट मोकळी केली. ते करून घ्यायचे तर प्रत्येक घरातून वर्गणी निघावी लागते. सभेत तो विषय आला की कुणीतरी हमखास म्हणतो, ''मी तर पुढच्या वर्षी विकून जाणार आहे.''